गाडी पुढे गेली, मी आडवा झालो

तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि खरं सांगतो, आधी हसलोच. मग व्हिडिओचा भाग आला आणि गप्प झालो. ज्यांनी प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बडोद्याच्या या भावाने दीड वर्ष खपून घरच्या गॅरेजमध्ये जुनी मारुती 800 ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या छोट्या वेगाच्या शर्यतीसाठी, बांधली. वजन वाचवायला बॉनेटचं लॉक काढलं आणि बॉनेट सुतळीने बांधलं. ओळखीच्यांच्या शेतावर, आतल्या खाजगी रस्त्यावर, सगळं गणगोत जमलेलं असताना पहिल्याच धावेत बॉनेट उघडून समोरच्या काचेवर आपटलं. याने ब्रेक दाबला, गाडी थांबली, कुणाला खरचटलंही नाही. मग खिडकीतून कासवासारखं डोकं बाहेर काढणाऱ्या याचा व्हिडिओ घरच्या, सासरच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. आता विचारतो आहे, ‘तुम्ही लोक अशा गोष्टींवर हसता कसे? मला तर शटर उघडावंसं वाटत नाही.’

मी इंदूरचा, सुदामानगरचा. आता चोपन्न वय आहे. माझा प्रकार 2011 सालचा, आणि माझं नाव अजूनही निम्म्या नातलगांत ‘शेषशायी’ आहे. ते कसं पडलं ते आधी ऐक.

आम्हीही 800 घेतली होती. कबाड्याकडून, कागद रद्द झालेली, नुसता सांगाडा. त्यात मारुतीच्याच एस्टीम गाडीचं 1298 सीसीचं कार्ब्युरेटरवालं इंजिन बसवलं. मूळ इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं, त्यामुळे हे चार सिलिंडरचं धूड आत बसवताना माझ्या धाकट्या भावाने आणि मी जे काय केलं त्याला डेंटरच्या भाषेत ‘ठोकाठोकी’ म्हणतात. मागची सीट काढली, दारांचे आतले पत्रे काढले, इंजिन चालू असताना वीज बनवून बॅटरी भरणारा अल्टरनेटरसुद्धा काढला. बॅटरी भरलेली असली की दोन-चार धावा सहज होतात, मग ते वजन कशाला वागवायचं, असा हिशोब. चालकाची सीट जड म्हणून तीही काढली आणि तिथे बंद पडलेल्या एका टॉकीजची फायबरची खुर्ची लावली. पाठीवर पांढऱ्या रंगात 17 आकडा होता. तो मुद्दाम पुसला नाही, रेसिंग नंबर म्हणून ठेवला.

जागा इंदूरजवळच्या पीथमपूरकडची. बंद पडलेल्या कारखान्याचं आवार, मालकाची परवानगी, आतला सरळ सिमेंटचा रस्ता. ड्रॅगचं पूर्ण अंतर, क्वार्टर माइल म्हणजे 402 मीटर, तिथे मिळत नव्हते, म्हणून अर्धं, 201 मीटर. त्याच पीथमपूरला पुढे नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा गोल ट्रॅक झाला, 2021 मध्ये उघडला. तेव्हा मात्र आमचा तो रस्ता, पलीकडे रचलेला सोयाबीनच्या भुश्शाचा ढीग आणि सावलीला एक कडुलिंब, एवढाच मोटरस्पोर्ट होता. सकाळची वेळ. बाबा, आई, आत्या, दोन मावसभाऊ, त्यांची पोरं. डब्यात पोहे, वर शेव, जिलबी कागदात. पुतण्याच्या हातात स्टॉपवॉच.

इंजिन तापवलं. पहिला गियर, आरपीएम वर नेले, भावाने रुमाल खाली आणला आणि मी क्लच सोडला.

आता गंमत बघ. गाडी सुटली की वजन मागे सरकतं. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर नेमकी तीच हलकी होतात आणि घसरतात. हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून पुढे बंपरच्या आत लोखंडी पट्टी वेल्ड करून वजन वाढवलं होतं. (आधी जिवावर उदार होऊन वजन काढायचं आणि मग पैसे देऊन घालायचं. या छंदात हे चालतंच.) पण वजनाबरोबर मीही मागे सरकणार आहे, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. चाकं घसरली, मग एकदम पकड आली, जोराचा हिसका बसला आणि टॉकीजची 17 नंबरची खुर्ची पुढचे दोन बोल्ट घेऊन उचकटली. बेल्ट कुठे बांधलेला? खुर्चीलाच. म्हणजे खुर्चीसकट मी सपाट. डोळ्यांसमोर छत, दोन्ही पाय हवेत.

गाडी मात्र पुढे. आणि हळू व्हायच्या ऐवजी जोरात! त्या हिसक्याने इंजिनला बॉडीशी धरून ठेवणारं फाउंडेशनही तुटलं होतं. एक्सलेटरच्या केबलची नळी इंजिनावर धरायची सोडून आम्ही वळसा घालून रेडिएटरच्या पट्टीवर, म्हणजे बॉडीवर बांधली होती. इंजिन मागे कललं तशी आतली तार आपोआप ओढली गेली. पाय हवेत आणि एक्सलेटर फुल. आठ-दहा सेकंद मी छताला असलेली एक जुनी चिकटपट्टी बघत होतो, एवढंच आठवतं. मग इंजिन इतकं सरकलं की चाकं फिरवणारा दांडा, एक्सलच, आतून निसटला, चाकांना ओढ उरली नाही आणि गाडी घरंगळत जाऊन भुश्शात शिरली. इंजिन तसंच किंचाळत होतं. भावाने धावत येऊन बॅटरीची तार उपटली. अल्टरनेटर नव्हता म्हणून ते त्या क्षणी बंद पडलं. अल्टरनेटर असता तर तार काढूनही चालूच राहिलं असतं. सगळ्या खटाटोपातला हाच एक निर्णय कामी आला, तोही भलत्याच कारणाने घेतलेला.

धूळ बसली. सगळे पांढरेफटक. मी खुर्चीत आडवाच. आत्या पदर खोचून आली, खिडकीतून आत वाकली, मला हात-पाय हलवायला लावले, हलले. मग म्हणाली, ‘अरे, चालवायची होती ना? मग निजलास कशाला?’

बाबा आयुष्यात मोठ्याने हसले नव्हते. त्या दिवशी कडुलिंबाला धरून हसले. पुतण्या गाडीमागे धावत सुटला होता, त्याने स्टॉपवॉच थांबवलंच नाही. आमची त्या दिवसाची नोंद म्हणूनच अजून चालू आहे.

हे वाचायला बरं वाटतं, पण पुढचे तीन आठवडे मी तुझ्यासारखाच होतो. सकाळचे पोहे खायला चौकात जाणं सोडलं, कारण तिथे कुणीतरी म्हणायचंच, ‘क्या भिया, आज बैठ के आए?’ गॅरेजला कुलूप. गाडीवर ताडपत्री. मला वाटायचं, लोकांना माझी मेहनत दिसली नाही, फक्त उताणा मी दिसलो. तुलाही हेच टोचतंय, नाही का? दीड वर्ष आणि त्यातले अकरा सेकंद ग्रुपवर.

शटर उघडायला लागलं ते निराळ्याच कामाने. शेजाऱ्याला पाना हवा होता. आत गेलो, ताडपत्री सरकवली आणि सहज वाकून खुर्चीचे बोल्ट बघितले. बोल्ट शाबूत, नट शाबूत. वॉशरही जागच्या जागी, दोन रुपयांच्या नाण्याएवढे. आणि प्रत्येक वॉशरला चिकटून आलेला फरशीच्या पत्र्याचा गोल तुकडा. वरून आम्ही मारलेला चकचकीत काळा रंग, खालून नुसता तांबडा भुगा. नखाने दाबला तर पापडासारखा मोडला. खुर्ची आम्ही पत्र्यावर नाही, गंजावर बसवली होती आणि वर रंग देऊन आपणच फसलो होतो. मी एकटाच तिथे उकिडवा बसून हसायला लागलो. शेजारी पाना न घेताच गेला.

तुझ्या प्रश्नावर मला एवढंच म्हणायचं आहे. लोक ज्यावर हसतात ते आपलं ध्यान असतं, त्यावर आपल्याला हसू येत नाही, आणि ओढूनताणून आणायचंही नाही. आपल्याला हसू येतं कारण सापडल्यावर. ‘नशीब फुटकं’, ‘सगळं वाया गेलं’ यात काय हसणार? ‘नाण्याएवढा वॉशर आणि पापडासारखा पत्रा’ यात हसण्यासारखं आहे, कारण त्यात एक नेमका मूर्खपणा आहे आणि तो दुरुस्त होतो. मी दुसऱ्या दिवशी चौकात गेलो, कुणी काही म्हणायच्या आधी तो तुकडा टेबलावर ठेवला आणि स्वतःच सगळं सांगितलं. खरादवाला (लेथवाला) ऐकत होता. तो हसला आणि लगेच म्हणाला, खाली-वर मोठी पट्टी घाल, फरशी मध्ये दाब. चेष्टा करणाऱ्यांतला अर्धा बाजार त्या दिवशी सल्लागार झाला.

पण एक गोष्ट मिसळू नकोस. प्रत्येक फजितीत एक भाग हसण्याचा असतो आणि एक नसतो. माझं निजणं हसण्यासारखं होतं. आपोआप ओढला गेलेला एक्सलेटर नव्हता. भुश्शाच्या जागी भिंत असती तर आत्याचं ते वाक्य कुणाला सुचलं नसतं. हा प्रकार काही आमच्याच गॅरेजातला नाही. अमेरिकेत 1971 साली जनरल मोटर्सने याच कारणासाठी सुमारे 67 लाख गाड्या परत बोलावल्या होत्या: फाउंडेशन तुटायचं, इंजिन उचललं जायचं आणि एक्सलेटर ओढला जायचा. उपाय काय, तर इंजिन उचलू नये म्हणून एक बंधन. आम्ही सरळ साखळी लावली, केबलची नळी इंजिनावर धरली आणि हाताला येईल असा बंद करायचा स्विच बसवला. बेल्ट खुर्चीवरून काढून गाडीच्या सांगाड्याला बांधला. या कामात विनोद अजिबात नव्हता, आणि ते झाल्यावरच मला ‘शेषशायी’ नाव आवडायला लागलं.

अमेरिकेचा ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्स, त्याचं नाव तू ऐकलं असशीलच. 8 मार्च 1970 ला कॅलिफोर्नियात त्याच्या ड्रॅगस्टरचा, म्हणजे खास ड्रॅगसाठी बांधलेल्या गाडीचा, गियरबॉक्स सुटतानाच फुटला आणि उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. तेव्हाच्या त्या गाड्यांत इंजिन पुढे आणि चालक पार मागे, गियरबॉक्स पायांच्या मधोमध. त्याने पुढची गाडी बांधली ती इंजिन पाठीमागे टाकून, आणि 1971 पासून ती जिंकायला लागली. तिथे हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्याने गाडीच उलटी केली. याउलट ‘लिटल रेड वॅगन’ बघ, डॉज कंपनीचा तो छोटा लाल ट्रक. साठच्या दशकात त्यात हेमी नावाचं भलंमोठं इंजिन मागच्या बाजूला बसवलं, शर्यतीसाठी. पण क्लच सोडला की पुढची चाकं थेट आभाळात! शर्यतीच्या कामाची राहिली नाही गाडी. मग त्यांनी तोच खेळ केला. ट्रक मागच्या दोन चाकांवर उभा करून शर्यतीच्या रस्त्याभर न्यायचा, लोक तिकीट काढून बघायला यायचे, वर्षानुवर्षं. आपली गाडी कुठल्या जातीची आहे, हे आधी ओळखावं लागतं.

आता तुझं बॉनेट. यातला हसण्याचा भाग सुतळी आणि कासव. हे तुझं भांडवल आहे, व्हिडिओ दुसऱ्याने टाकायच्या आधी पुढच्या वेळी तूच टाक. न हसण्याचा भाग असा की काच पूर्ण झाकली गेली होती. वेगात पुढच्या फटीतून हवा आत शिरते आणि बॉनेट खालून उचलते. मागच्या बिजागऱ्यांवर ते पंख्यासारखं उलटतं. सुतळी हवेला पुरत नाही. चार बॉनेट पिना घे, पुढे दोन, मागे दोन, आणि बॉनेट अख्खंच उचलून बाजूला ठेवता येईल असं कर. वजनही वाचेल. पिनांच्या खाली पत्र्याला जोडपट्टी दे, नाहीतर माझ्या वॉशरची गोष्ट तुझ्याकडे होईल. आणि तोवर बिजागऱ्याच ठेवणार असशील, तर वाकलेल्या सरळ करून परत लावू नकोस, बदल.

ब्रेक तू सरळ रेषेत दाबलास, स्टिअरिंग ओढलं नाहीस, हे व्हिडिओत कुणाला दिसलं नसेल. मला तुझ्या लिहिण्यात दिसलं. काच काळी झाल्यावर हे सोपं नसतं.

रस्ता खाजगी होता हे चांगलं केलंस. कुणी खाली लिहिलंय की बायपासवर रात्री बघू, त्याचं ऐकू नकोस. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळीच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि अशी बदललेली गाडी रस्त्यावर आणली तर कलम 52 वेगळंच. ते व्हिडिओ मात्र कुणाला हसवत नाहीत.

सासरच्या ग्रुपचं काय करायचं ते विचारलं आहेस. माझ्याकडे उपाय नाही. आमच्याकडे अजून लग्नकार्यात कुणी खुर्ची पुढे केली की आत्या म्हणते, ‘आधी बोल्ट बघ.’ 17 नंबरची खुर्ची मी गॅरेजच्या भिंतीला टांगली आहे, चार मोठ्या पट्ट्या लावून. हलत नाही.

रविवारी शटर उघड. आधी डाव्या बिजागरीचा फोटो इथे टाक, जवळून, उजेडात. आणि सुतळी फेकली नसशील तर तिचाही.