पार्लरमध्ये पिवळा डाग काढण्याआधी

मागच्या वेळी या सदरात हृदयाच्या झडपांवर लिहिलं. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं एकच गोष्ट विचारतात: डॉक्टर, हृदयाला धोका असेल तर तो बाहेरून दिसतो का? काही वेळा दिसतो. अशी खूण पाहिली की मी एवढंच ठरवतो, या माणसाची कुठली तपासणी आज व्हायला हवी. रोगाचा निकाल त्या तपासणीवर लागतो. हे मनात ठेवून पुढचं वाचावं.

प्रश्न : माझं वय ४३. दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापणीवर, नाकाकडच्या कोपऱ्यात पिवळसर चपटे डाग आले आहेत. दुखत नाहीत, खाजत नाहीत. आखाजीनंतर पुतणीचं लग्न आहे. पार्लरवाली ताई मशीनने जाळून देते म्हणते. काढू का? (गृहिणी, भुसावळ)

काढा ताई, पण रक्त तपासल्यावर, आणि पार्लरमध्ये नको.

या डागांना झॅन्थेलाझ्मा म्हणतात. पापणीच्या पातळ कातडीखाली कोलेस्टेरॉलने भरलेल्या पेशी जमतात, त्यांचा हा पिवळा रंग. असे डाग असलेल्या साधारण निम्म्या लोकांचं रक्तातलं कोलेस्टेरॉल तपासणीत ठीक निघतं. उरलेल्या निम्म्यांचं वाढलेलं असतं, आणि बहुतेकांना ते पापणीवर डाग येईपर्यंत माहीतच नसतं.

ज्यांचं ठीक निघतं त्यांनीही हा विषय तिथेच सोडू नये. कोपनहेगन शहरात १९७६ ते ७८ या काळात बारा हजारांहून जास्त लोकांचे डोळे तपासून ठेवले आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०११ साली निष्कर्ष छापून आले. पापणीवर डाग असलेल्यांना हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ दीडपट होता, आणि कोलेस्टेरॉलचा हिशेब बाजूला काढल्यावरही तो फरक उरला. ती माणसं डेन्मार्कची, त्यामुळे तो आकडा तुम्हाला जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही. तपासणीला मात्र हे कारण पुरेसं आहे.

लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, साखर, थायरॉइड आणि रक्तदाब एवढं करा. थायरॉइड मुद्दाम सांगतो, कारण तुमच्या वयाच्या बायकांत ते मंदावलं की कोलेस्टेरॉल चढतं, आणि नुसत्या थायरॉइडच्या गोळीने उतरतंही. डाग काढायचे तर त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. पापणीची कातडी जास्त जळली तर व्रण आखडून पापणी ओढली जाते. काढलेले डाग पुन्हा येऊ शकतात, हेही आधीच माहीत असू द्या.

प्रश्न : वय ३४. बुबुळाच्या कडेने पांढुरकं कडं दिसतं. टाचेच्या वरची शीर दोन्ही पायांत जाड झाली आहे, बुटात घासते. युरिक अॅसिड समजून सहा महिने गोळ्या खाल्ल्या, फरक नाही. वडील ४४ व्या वर्षी शेतातच गेले. धाकट्या भावाच्या टाचाही अशाच आहेत. (शिरपूर)

दादा, तुम्ही दोघांनी याच आठवड्यात रक्त द्यायचं आहे. आलेल्या सगळ्या पत्रांत मला जास्त काळजी तुमच्या पत्राची वाटते.

डोळ्यातलं कडं साठीनंतर पुष्कळांना येतं आणि त्या वयात त्याला फार अर्थ नसतो. पंचेचाळिशीच्या आत आलं तर अर्थ असतो. टाचेच्या मागच्या जाड शिरेला आम्ही स्नायुबंध म्हणतो. तिच्यात कोलेस्टेरॉल साठून गाठी होतात तेव्हा मनात पहिलं नाव येतं ते घराण्यातून उतरणाऱ्या कोलेस्टेरॉलच्या आजाराचं. अशाच टणक गाठी हाताच्या मुठीवर, बोटांच्या पेरांवरही येतात. मूठ आवळून पाहा.

आपल्या यकृताच्या पेशींवर जणू आकडे असतात. रक्तातून वाहणारं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ते अडकवून आत ओढतात. या आजारात जन्मापासून ते आकडे निम्मेच कामाला असतात. एलडीएल रक्तातच फिरत राहतं आणि लहानपणापासून धमन्यांच्या भिंतीत बसत जातं. हे सगळं उलगडणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोन डॉक्टरांना १९८५ साली नोबेल मिळालं. आजार दुर्मीळ नाही. जगभरात साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो. त्या हिशेबाने पाच हजार वस्तीच्या गावात वीसजण निघतील, आणि त्यांतल्या बहुतेकांना पत्ताही नसेल.

एलडीएल १९० च्या वर आलं तर निदान जवळजवळ ठरलंच समजा. पथ्याने ते थोडंसंच उतरतं. लसूण, मेथी, जवसाने इथे भागत नाही. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी लागते, बऱ्याचदा जोडीला इझेटिमाइबही, आणि ती वर्षानुवर्षं घ्यायची असते. लवकर सुरू केलेल्या गोळ्यांनी या माणसांचं आयुष्य खरोखर वाढतं, ते मी माझ्या रुग्णांत पाहिलं आहे. स्त्रियांनी मात्र गरोदर राहण्याचं ठरवताना आधी डॉक्टरांशी बोलायचं, कारण त्या काळात ही गोळी सहसा थांबवतात.

आता घरातल्यांचं. आई किंवा वडील यांच्यातल्या एकाला हा दोष असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. म्हणून बहिणी, भाऊ, तुमची मुलं, सगळ्यांचं रक्त तपासायचं. लहान मुलांचंही. गरज पडली तर आठ-दहाव्या वर्षापासून औषध देता येतं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत अजून बऱ्याच घरांत आहे. दोन्हीकडून हाच दोष आला तर मुलाला दुहेरी आजार होतो. अशा मुलांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर लहानपणीच पिवळ्या गाठी दिसतात आणि विशीच्या आत झटका येऊ शकतो. घरात सोयरीक चालू असेल तर हे बोलून दाखवा.

प्रश्न : वडिलांच्या कानाच्या पाळीवर तिरकी घडी आहे. मोबाइलवर आलं होतं की हे हृदयविकाराचं लक्षण. वय ६८. (अमळनेर)

डॉ. फ्रँक यांनी १९७३ साली ही घडी पहिल्यांदा नोंदवली, तेव्हापासून तिची चर्चा आहे. पण वय वाढलं की पाळीवर अशी घडी पडतेच, जड कर्णफुलांनीही पडते. अडुसष्टाव्या वर्षी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायला हवंच, पाळी गुळगुळीत असली तरी. घडीची चिंता सोडा.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची. दोन वर्षांपासून मान काळी पडत चालली आहे. लिंबू, खाण्याचा सोडा, बेसन सगळं घासून झालं. वजन ७४ किलो, पाळी दोन-दोन महिने येत नाही. आता स्थळं यायला लागतील. (चाळीसगाव)

घासणं आजपासून बंद करा. तो मळ नाही, आणि सोड्याने कातडी सोलून आणखी काळी होते. त्या पोरीने दोन वर्षं घरच्यांची, शेजारणींची बोलणी खाल्ली असतील. तिला आधी सांगा की यात तिची काही चूक नाही.

मान, काखा, जांघा काळवंडून कातडी मखमलीसारखी जाड होते, मानेवर बारीक लोंबणाऱ्या चामखिळी येतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढतं, आणि त्या वाढलेल्या इन्सुलिनने कातडीच्या पेशी वाढतात. लांबणारी पाळीही बहुधा याच मुळाची, जिला आपण पीसीओडी म्हणतो. इथून मधुमेह आणि पुढे धमन्यांचे आजार, ही वाट सरळ आहे. पण ती दहा-वीस वर्षांची असते आणि तुम्ही तिच्या सुरुवातीलाच उभ्या आहात. रिकाम्या पोटीची साखर, एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड, लिपिड करा, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

कंबरही मोजा, तिची आणि घरातल्या सगळ्यांची. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायचा, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. आपल्या लोकांत बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९० च्या वर गेली की धोका धरतात. पुरुष मला सांगतात, "डॉक्टर, पँटचा नंबर दहा वर्षं चौतीसच आहे." असेल, पण ती पँट आता पोटाच्या खाली बांधलेली असते. आशाताई तिशीपुढच्या लोकांचा जो फॉर्म भरतात त्यात कंबरेचं माप उगाच नाही. त्या टेप घेऊन आल्या की लाजून टाळू नका.

खाण्याबद्दल. आपली कळण्याची भाकरी, भरीत, उडदाची डाळ, पालेभाज्या यांत मला काही खोट दिसत नाही. खोट आहे ती तर्रीत, कॉलेजजवळच्या चायनीजच्या गाडीवर, थंड बाटलीत आणि दुपारच्या शेव-फरसाणात. शेवभाजी महिन्यातून एकदा खाल्ली तर मी भांडणार नाही. वजन पाच-सात किलो उतरलं तर पाळी सुधारण्याची चांगली शक्यता असते, आणि मान हळूहळू उजळते, काही महिन्यांत. मलमाने हे होत नाही.

प्रश्न : वडील ६६ वर्षांचे. संध्याकाळी दोन्ही पाय सुजतात, चपलेचा पट्टा रुततो. मेडिकलमधून लघवीची गोळी आणून देतो, सूज उतरते. रक्तदाबाची गोळी सुरू आहे. हल्ली झोपताना दोन उशा लागतात. (धरणगाव)

भाऊ, तुमच्या पत्रात सूज पहिल्या ओळीत आहे आणि उशा शेवटच्या. मला उशांची जास्त भीती वाटते. आडवं पडल्यावर पायांतलं पाणी छातीकडे परततं. हृदय ते ओढून पुढे ढकलू शकलं नाही तर फुप्फुसात साचतं, माणूस उठून बसतो. आमची अहिराणी बोलणारी म्हातारी माणसं दम लागतो असं म्हणतच नाहीत, "जीव घाबरा व्हस" एवढंच म्हणतात. म्हणून त्यांना नीट विचारा: रात्री एक-दोनला उठून खिडकीशी बसता का?

नडगीच्या हाडावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून ठेवा. खळगा राहिला तर अंगात पाणी आहे. ते हृदयामुळे असेल, मूत्रपिंडामुळे असेल, यकृतामुळेही. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिन या गोळीनेही पाय सुजतात, तेव्हा पाकीट सोबत न्या. एकाच पायाला अचानक सूज आणि पोटरीत दुखणं असेल तर ती वेगळी आणि तातडीची गोष्ट, शिरेत गुठळी असू शकते. त्यांचा इको (हृदयाची सोनोग्राफी), कार्डिओग्राम, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासायला हवीत. हे दोन-तीन दिवसांत करा. बसल्या जागी दम लागला तर त्याच रात्री निघा.

लघवीची गोळी स्वतःहून देणं थांबवा. तिने पोटॅशियम उतरतं, आणि आपल्याकडे वैशाखात पारा ४५ ला टेकतो तेव्हा घामाने आधीच सुकलेला माणूस या गोळीने चक्कर येऊन पडतो. हृदयाचं निदान झालं तर ही गोळी लागेलच, पण मात्रा डॉक्टर ठरवतील, उन्हाळ्यात बदलतीलही. रोज सकाळी वजन लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे. पापड, बिबडे, कुरडया, लोणचं बंद. पापडखारातही सोडियम असतं, हे घरच्या बायकांना सांगा.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. नऊ वर्षांच्या एका मुलाची बोटांची टोकं फुगीर, नखं गोल आणि निळसर आहेत. खेळता खेळता तो मध्येच उकिडवा बसतो. (धडगाव)

गुरुजी, तुम्ही हेरलंत. उकिडवं बसणं ही फार मोठी खूण आहे. जन्मजात हृदयदोषात, विशेषतः फॅलोची टेट्रालॉजी नावाच्या दोषात, अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळतं. उकिडवं बसलं की फुप्फुसाकडे जाणारं रक्त वाढतं आणि मुलाला बरं वाटतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

दोन्ही हातांची सारखी बोटं नखाला नख लावून धरायला सांगा. निरोगी बोटांत मध्ये बारीक चौकटीची फट दिसते, फुगलेल्या बोटांत ती बुजते. दक्षिण आफ्रिकेचे हृदयतज्ज्ञ शॅमरॉथ यांना हृदयाच्या आतल्या अस्तराचा जंतुसंसर्ग झाला होता, तेव्हा स्वतःच्याच बोटांवर त्यांनी ही पारख शोधली. फुप्फुसाच्या जुनाट आजारांतही बोटं अशी होतात.

शाळा तपासायला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला कळवा, किंवा पालकांना घेऊन थेट नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात जा. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना या कार्यक्रमातून तपासणी आणि शस्त्रक्रियेची मदत मिळते. तोवर जुलाब किंवा ताप आला तर वाट पाहू नका. अशा मुलांचं रक्त घट्ट असतं, पाणी कमी पडलं की मेंदूत गुठळी अडकू शकते. सातपुड्यातलं मूल आहे म्हणून सिकलसेलची तपासणीही त्याच फेरीत उरका.

प्रश्न : वय ४८. तुम्ही सांगता त्यातली एकही खूण मला नाही. पोट नाही, सूज नाही, कधी दवाखाना पाहिला नाही. दिवसाला सहा-सात पुड्या गुटखा आहे, तेवढाच. मग तपासणी कशाला? (धुळे)

दादा, वाढलेल्या रक्तदाबाची कातडीवर काहीच खूण नसते. एलडीएल वाढलेल्या बहुसंख्य लोकांच्या अंगावरही नसते. ५२ देशांत झालेला इंटरहार्ट नावाचा अभ्यास २००४ साली आला. त्यात भारत आणि शेजारच्या देशांतल्या लोकांचा पहिला झटका सरासरीने ५३ व्या वर्षी होता, इतर देशांत ५८-५९ व्या. तुम्ही ४८ चे आहात. गुटख्यातल्या तंबाखूचं निकोटीन नाडी आणि रक्तदाब दिवसभर चढवून ठेवतं. महाराष्ट्रात २०१२ पासून त्याच्यावर बंदी आहे, तरी पुडी तुमच्यापर्यंत पोहोचते याचा मला राग येतो.

रक्तदाब, साखर आणि लिपिड या तीन तपासण्या करा. नुसता कार्डिओग्राम नॉर्मल आला म्हणून धमन्या मोकळ्या आहेत असं होत नाही. आणि छातीवर दाब, जबडा किंवा हात भरून येणं, दरदरून घाम, यांतलं काही झालं तर रात्रीच्या तिखट जेवणाला दोष देत सोडा पिऊ नका. १०८ ला फोन करा, मोटारसायकल काढू नका. अॅस्पिरिनची अॅलर्जी किंवा पोटात रक्तस्राव झालेला नसेल तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ हा सरकारी क्रमांक फुकट लागतो. पहिला फोन करताना पत्नीला शेजारी बसवा.