डॉक्युमेंटेशनची नवी साइट, पण जुन्या लिंकांचं काय?

प्रश्न: दादा नमस्कार, मी इंदूरला सुदामानगरात राहते. कॉलेजातले आम्ही तिघं देवनागरी मजकूर साफ करायचं एक छोटं ओपन सोर्स टूल सांभाळतो. डॉक्युमेंटेशन, म्हणजे टूल कसं वापरायचं ते सांगणारी पानं, आत्तापर्यंत गिटहब पेजेस या होस्टिंगवर एमकेडॉक्स या साइट बनवणाऱ्या टूलमध्ये होतं, आता स्फिंक्स या तशाच दुसऱ्या टूलमध्ये बनवून रीड द डॉक्स या डॉक्युमेंटेशनच्या होस्टिंगवर टाकलंय. आता जुनी साइट बंद करून टाकली तर चालेल ना? आणि जुन्या व्हर्जनची पानं ठेवायची का उडवायची?

उत्तर: बंद करू नकोस गं, प्लीज. लोकांनी तुमच्या पानांच्या लिंका कुठेकुठे चिकटवून ठेवल्यात, कोणाच्या कोडमधल्या कमेंटमध्ये, कोणाच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये, त्या तुला कधीच शोधून बदलता येणार नाहीत. वेबचे जनक टिम बर्नर्स-लींनी १९९८ मध्येच कळकळीने लिहून ठेवलंय की पत्ते बदलू नका.

आता अडचण अशी की गिटहब पेजेसवर सर्व्हरचा खरा ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता कायमचा नव्याकडे वळवणारा) लावता येत नाही, म्हणून जुन्या रेपोत (गिटहबवरच्या फाइलींच्या साठ्यात) प्रत्येक जुन्या पानाच्या जागी एक छोटं एचटीएमएल पान ठेवायचं, त्यात मेटा रिफ्रेश (ब्राउझरला आपोआप पुढे नेणारा) आणि कॅनॉनिकल टॅग (खरं पान कोणतं ते सर्च इंजिनला सांगणारा), दोन्ही नव्या पानाकडे बोट दाखवणारे. आणि हे पानाला पान असं जोडायचं, सगळ्यांना नव्या होमपेजवर ढकलायचं नाही. आम्ही एकदा तेच केलं होतं, आणि एका मुलाने मेल करून विचारलं की इन्स्टॉलचं पान काढून टाकलं का, मला फार वाईट वाटलं. सुदामानगरातलं घर विचारणाऱ्याला राजवाड्यावर सोडून दिल्यासारखंच झालं ते. रेपोचं नावही बदलू नका, कारण नाव बदललं की गिटहब रेपोची लिंक वळवतं, पेजेसच्या साइटची नाही.

खरी गोची मराठी शीर्षकांची आहे, तिकडे कोणाचं लक्षच जात नाही. एमकेडॉक्स शीर्षकावरून अँकर, म्हणजे लिंकमध्ये हॅशनंतर येणारं पानातल्या त्या जागेचं नाव, बनवतं, पण त्याच्या मूळ सेटिंगमध्ये देवनागरी अक्षरं गळून पडतात आणि उरतं नुसतं अंडरस्कोर एक, अंडरस्कोर दोन. स्फिंक्समध्येही तसंच, तिथे आयडी एक, आयडी दोन होतं. म्हणजे मध्ये एखादं शीर्षक वाढवलं की पुढचे सगळे अँकर सरकले, आणि लिंक उघडते पण भलत्याच जागी. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या शीर्षकाला रोमन लिपीतलं स्वतःचं नाव द्या, मायस्ट (स्फिंक्समध्ये मार्कडाउन या साध्या लिखाणपद्धतीत लिहू देणारी जोड) वापरत असाल तर शीर्षकाच्या वरच्या ओळीत कंसात नाव आणि पुढे बरोबरचं चिन्ह, एवढंच. (मायस्ट असलं की मार्कडाउन फाइली परत लिहायला लागत नाहीत, हे एक बरंय.) आणि लिंकमधला हॅशनंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही, त्यामुळे जुना अँकर नव्या नावाला जोडायचा असेल तर त्या छोट्या पानातच दोन-चार ओळींची जावास्क्रिप्ट लागेल.

जुनी व्हर्जनं ठेवाच. कोणाच्या तरी कॉलेजच्या लॅबमध्ये अजून तीच चालत असतात. रीड द डॉक्स गिटच्या टॅगवरून, म्हणजे कोडमध्ये त्या त्या व्हर्जनला लावलेल्या खुणेवरून, वेगवेगळी व्हर्जनं बनवतं, तुम्ही फक्त वर एक पट्टी लावा की हे जुनं आहे, नवं इथे.

हलवायच्या आधी जुनी पानं जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सेव्ह करून ठेवा, आणि झाल्यावर तिघांनी जुन्या लिंकांची यादी वाटून घेऊन एकेक उघडून बघा, सुरुवात इन्स्टॉल आणि एरर मेसेजच्या पानांपासून.