कॉइल तापते, बॅटरी भरत नाही: मागची काळी शीट काढली का?

आजींच्या छोट्या रेडिओची चार्जिंग पिन तुटली म्हणून तुम्ही वायरलेस चार्जिंगची कॉइल बसवली, आणि आता 'लाल दिवा लागतो, रात्रभर ठेवूनही बॅटरी भरत नाही, पाठ मात्र तापते' असं लिहिलंय. वाचताना मला आमचंच घर दिसलं. आईच्या कानाच्या यंत्राची पिन दोनदा तुटली होती. नजर अधू, वायर उलटी खुपसली जायची. सर्व्हिस सेंटरने यंत्र उघडून न बघताच नवीन घ्यायला सांगितलं. मग मी घरीच करायला घेतलं.

सोल्डरिंग, प्लस-मायनस तुम्हाला येतं असं धरतो. तुमच्या फोटोत कॉइल थेट बॅटरीवर चिकटवलेली आहे आणि तिच्यामागे काहीच नाही. माझंही अगदी तसंच झालं होतं. रिसीव्हरच्या, म्हणजे यंत्रात बसवून वीज घेणाऱ्या भागाच्या, कॉइलमागे पातळ काळी शीट होती. झाकण बसेना म्हणून मी ती पॅकिंग समजून सोलून फेकली. ती फेराइट होती, म्हणजे चुंबकीय क्षेत्र आपल्यातून वळवून नेणारा पदार्थ.

पाउच (चपट्या, मऊ पाकिटासारख्या) बॅटरीच्या आवरणात ॲल्युमिनियमची फॉइल असते. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र तिच्यावर पडलं की तिच्यात एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे प्रवाह, फिरतात आणि वीज तिथेच उष्णता होऊन जाते. शिवाय कॉइलचं इंडक्टन्सही घटतं. कॉइल कपॅसिटरबरोबर कोणत्या फ्रिक्वेन्सीला जुळते ते या इंडक्टन्सवर ठरतं. १० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे १०७ किलोहर्ट्झला जुळतात. इंडक्टन्स ७ वर उतरलं तर तोच आकडा १२८ च्या आसपास जातो. म्हणजे वीज सोडणारा ट्रान्समीटर एका फ्रिक्वेन्सीला, रिसीव्हर दुसऱ्या. फेराइट मध्ये असली की क्षेत्र तिच्यातूनच वळतं, बॅटरीपर्यंत फारसं पोचत नाही.

हे मला कुणी सांगितलं नाही याचा राग अजून आहे. नवी पेठेतल्या एका दुकानात मी तीन वेळा गेलो, तीनही वेळा 'जास्त अँपिअरचं घ्या' म्हणून नवं मॉड्यूल हातात दिलं. कॉइलच्या मागे काय आहे, एवढा एक प्रश्न विचारला असता तर पैसे वाचले असते आणि आईची बॅटरीही. मे महिन्यात ती फुगली. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीच चाळिशीला टेकते, आणि बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करायच्या नसतात. हाताशी उरतं किती?

तेव्हा आधी फेराइट शीट लावा. जुन्या मोबाइलच्या वायरलेस कॉइलमागची चालते, फक्त तडकलेली नको. कपॅसिटर जुळवायचा तो शीट चिकटवल्यानंतर, कारण शीटने इंडक्टन्स वाढतं. कपॅसिटर प्लास्टिक फिल्मचा घ्या. कॉइल स्वतः गुंडाळणार असाल तर अक्कलकोट रोडला मोटार रिवाइंडिंगवाल्यांकडे बारीक इनॅमल तार मिळेल. एक जाड तार नको, बऱ्याच बारीक तारा पिळून घ्या आणि टोकाला प्रत्येकीचं इनॅमल खरवडा.

चार्जिंग बोर्डवर टीपी४०५६ ही चिप असेल तर चार्जिंगचा करंट त्यावरच्या एका रेझिस्टरवर ठरतो; १.२ किलोओमचा असेल तर १ अँपिअर. छोट्या बॅटरीला ते फार होतं. १० किलोओम लावला की सुमारे १३० मिलिअँपिअर मिळतात. तुमच्या बॅटरीवर किती लिहिलंय ते मात्र बघून ठरवा. मी इंजिनिअर नाही, हाताने शिकलेला माणूस आहे.

माझं ठाम मत: म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी घरगुती ट्रान्समीटर ठेवू नका. साधं ट्रान्समीटर मॉड्यूल समोर किल्ली आहे की नाणं हे न बघता वीज सोडत राहतं. तयार 'ची' (Qi, वायरलेस चार्जिंगचं ठरलेलं मानक) पॅड घ्या, आणि तुमचं रिसीव्हर मॉड्यूलही 'ची' जातीचंच हवं. अशा रिसीव्हरशी संदेशांची देवाणघेवाण झाल्याशिवाय पॅड चालू राहत नाही. तसं नसेल तर ते बदला, बाकी रेडिओतलं काम घरी करा. पॅड चादरीखाली तर कधीच नको. चार्ज होताना मिडियम वेव्हवर गुरगुर येईल, तो बिघाड नाही. आजींना आधीच सांगून ठेवा.

बॅटरी जराही फुगलेली वाटत असेल तर हे सगळं थांबवून आधी ती बदला. आणि कॉइल उचलून मागच्या बाजूचा एक फोटो टाका, म्हणजे शीट केवढी लागेल ते सांगता येईल.