नव्याने रुजू झालेल्या क्रीडाशिक्षकास

मुली मैदानावर येत नाहीत, एवढ्यावरून त्यांना आळशी ठरवू नका. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल सुचवते. 2016 च्या जागतिक आकडेवारीत 11 ते 17 वयोगटातील 81 टक्के मुले, आणि मुलींपैकी तर 85 टक्के, तेथवर पोहोचत नव्हती.

आपल्या मराठवाड्यात मुलगी आठवीत गेली की घरकाम, पाण्याची खेप आणि ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती एकदमच तिच्या वाट्याला येते. म्हणून आधी तिच्या आईवडिलांना भेटा आणि सरावाची वेळ, सोबत कोण असेल, घरी परतण्याची सोय काय, हे स्पष्ट सांगा. धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला, हे उदाहरण त्यांना जवळचे वाटेल.

मनाची बाजू मला याहून नाजूक वाटते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी 1977 मध्ये मांडल्याप्रमाणे ‘मला हे जमेल’ हा विश्वास सर्वाधिक वाढतो तो स्वतःच्या प्रत्यक्ष यशातून. त्यामुळे सुरुवातीला बाद करणारे खेळ टाळा, प्रत्येकाची तुलना त्याच्याच मागच्या वेळेशी करा आणि धावणे ही शिक्षा म्हणून कधीही देऊ नका. ऊसतोडीहून आईवडिलांसोबत परतलेली मुले बुजलेली असतात. त्यांना ओळखीच्या सवंगड्यांच्याच गटात घ्या.