एकच मोठी कुंडी: कमळ की जास्वंद?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी, ऊन दुपारी एकनंतर, जागा एकाच मोठ्या कुंडीपुरती, देवाला रोज फूल हवं आणि मे महिन्यात आठ-दहा दिवस गावी जाणं ठरलेलं. यात कमळ लावू की जास्वंद?

माझं मत आधीच सांगतो: जास्वंद, आणि तीही गावठी लाल. पण कमळ का नको हे नीट सांगतो, नाहीतर आणखी दोन व्हिडिओ बघितलेत की मन परत तिकडे धावेल.

बहुतेकांना वाटतं, कमळ म्हणजे पाण्याचा व्याप आणि जास्वंद सोपी. रोजच्या कामाचा हिशेब मात्र उलटा आहे. कमळाचा टब एकदा नीट लागला की उन्हाळ्यातही तीन-चार दिवसांनी पाण्याची पातळी बघून वर थोडं पाणी घालायचं, बस. काठोकाठ भरून गावी गेलात तर आठ दिवस त्याला काही होत नाही. जास्वंदीला मात्र मे महिन्यात रोज पाणी लागतं, कुंडी लहान असेल तर दोन्ही वेळा. तेव्हा पाण्याच्या भीतीने कमळ सोडू नका. ते सोडायचं उन्हामुळे.

कमळाला रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. थेट म्हणजे पानावर पडणारं. बाल्कनी लख्ख उजळलेली असणं त्यात धरायचं नाही. तुमच्याकडे एक ते पाच धरले तरी चारच तास होतात, समोरच्या इमारतीची सावली त्यातून वेगळी वजा करा. एवढ्या उन्हात कमळ मरत नाही. आधी पाण्यावर नाण्याएवढी गोल पानं तरंगतील, मग मोठी येतील, एखादं देठावर उभंही राहील आणि गाडी तिथेच अडेल. कळी येते ती बहुधा अशा उभ्या पानांच्या सोबतीने. ती पानं भराभर यायला कंदात साठा लागतो आणि तो साठा उन्हातूनच होतो. खत वाढवून ही कसर भरत नाही. उलट टबात खत जास्त झालं की पानांच्या कडा करपतात आणि पाणी शेवाळाने हिरवं होतं.

दुसरी अडचण वजनाची. 18 इंच रुंद आणि फूटभर खोल टब म्हणजे जवळपास 50 लिटरचा ऐवज. माती आणि पाणी धरून साठ किलोच्या वर जातो. गच्चीवर तुळईजवळ ठेवायला हरकत नाही, पण बाल्कनीच्या बाहेर काढलेल्या ग्रिलमध्ये हा भार अजिबात टाकू नका.

शिवाय तुम्हाला फूल रोज हवं आहे. कमळाचं एक फूल सकाळी उमलतं, दुपारकडे मिटतं, असं तीन-चार दिवस चालतं आणि मग पाकळ्या गळतात. पुढची कळी कधी येईल ते त्याच्या मर्जीवर. एका टबातून रोजच्या पूजेची सोय होत नाही. लक्ष्मीपूजनाला घरचं कमळ मिळेल अशी आशाही धरू नका, कारण बहर उन्हाळा-पावसाळ्याचा. दिवाळीपर्यंत दिवस लहान होतात, पानं पिवळी पडायला लागतात आणि कंद विश्रांतीला जातो.

तरीही कधी गच्ची मिळाली तर कमळ जरूर लावा, फक्त पूजेच्या दुकानातल्या कमळगट्ट्यापासून सुरुवात करू नका. बी टोकाला सँडपेपरवर घासून आतला पांढरा भाग दिसला की पाण्यात टाकायचं; आठवड्याभरात कोंब येतो आणि मुलांना फार मजा वाटते. पण बियांपासून फूल यायला वर्ष किंवा जास्त लागू शकतं आणि रंग आईसारखाच येईल याची खात्री नाही. ऑनलाइन मिळणारं ‘निळ्या कमळाचं बी’ तर सरळ फसवणूक आहे. खऱ्या कमळात निळा रंग नसतोच. फोटोत दिसते ती निळी वॉटर लिली. ओळखायला सोपं: वॉटर लिलीच्या पानाला देठापर्यंत चीर असते, कमळाचं पान अखंड गोल असतं.

त्यापेक्षा कंद घ्या. केरळातले घरगुती उत्पादक कुरिअरने पाठवतात. टब गोल आणि बिनभोकाचा हवा, कारण कंदाचं टोक पुढे पुढे धावतं आणि चौकोनी टबाच्या कोपऱ्यात अडकतं. तळाला मूठ-दोन मुठी पूर्ण कुजलेलं शेणखत, त्यावर पाच-सहा इंच शेतातली किंवा तळ्यातली चिकट माती. कोकोपीट आणि गांडूळखत नकोच, दोन्ही वर तरंगतात आणि पाणी घाण करतात. कंद आडवा ठेवायचा, कोंब मातीबाहेर, आणि तो कोंब मोडू द्यायचा नाही. सुरुवातीला पाणी चार बोटं, पानं वाढतील तसं वाढवत न्यायचं. डासांसाठी पहिल्याच दिवशी चार गप्पी मासे सोडा. गोल्डफिश नकोत, ते कोवळी मुळं उकरतात. पावसाळ्यात महापालिकेची माणसं साठलेलं पाणी तपासायला येतात, तेव्हा टबात गप्पी दिसले की बोलणं सोपं जातं.

आता जास्वंद. गावठी एकेरी लाल चार तासांच्या उन्हात फुलते, दुपारचं ऊन सोसते, आणि गणपतीला तीच लागते. मोठ्या फुलांच्या रंगीबेरंगी संकरित जाती नर्सरीत फार लोभस दिसतात, पण घरी आल्यावर त्यांचे नखरे सुरू होतात. पहिल्याच झाडाला त्या घेऊ नका. नर्सरीतून आणलं तर पिशवीतला लाल चिकट मातीचा गोळा बाहेरून हलक्या हाताने मोकळा करूनच लावा, नाहीतर पाणी गोळ्याच्या बाजूने निघून जातं आणि मुळं आत कोरडी राहतात. कुंडी 14 इंचाची, तळाला भोकं मोकळी. माती, जुनं शेणखत आणि कोकोपीट समप्रमाणात.

तिचा खरा शत्रू म्हणजे पिठ्या ढेकूण. कोवळ्या शेंड्यावर, पान जिथे फांदीला चिकटतं त्या बेचक्यात, कापसाच्या कणासारखं पांढरं काही दिसलं की समजायचं. त्याआधीची खूण म्हणजे खोडावरून चढणाऱ्या मुंग्या. पिठ्या ढेकूण गोड चिकट द्रव सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात आणि एका फांदीवरून दुसरीवर नेतात. म्हणून मुंग्यांची रांग दिसली त्याच दिवशी शेंडे उलटून बघा. थोडे असतील तर जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा. पसरले असतील तर शेंडा कापून पिशवीत बांधून टाका, आणि उरलेल्या झाडावर एक लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल नि साबणाचे दोन-चार थेंब असं फवारा. संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनेही, आणि आठवड्याने परत.

कळ्या न उमलता गळायला लागल्या तर खताच्या मागे लागण्याआधी पाणी बघा. एक दिवस कोरडी ठणठणीत, दुसऱ्या दिवशी बशी तुडुंब, असं झालं की कळी आधी जाते. पाणी नियमित असूनही गळत असतील तर गळलेली कळी फोडून आत किडे आहेत का ते पाहा.

फूल येतं नव्या फुटीवर, म्हणून छाटणी लागतेच. फेब्रुवारी संपता संपता एकदा करा. छाटल्यापासून कळी धरायला साधारण दोन महिने जातात, तेव्हा गणपतीसाठी फुलं हवी असतील तर आषाढात कात्री लावू नका. फूल एकाच दिवसाचं असतं, पण झाड रुळलं की हंगामात रोज एखाददुसरं मिळतं.

राहिला मे महिन्याचा प्रश्न. जाताना कुंडी भिंतीच्या सावलीत ओढा, मातीवर सुक्या पानांचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा जाड थर द्या आणि शेजारी उंचावर बादली ठेवून त्यातून सुती कापडाची जाड वात मातीत खोल खुपसा. चार दिवस आधी करून बघा, बादली किती वेगाने उतरते ते कळतं. शेजारी किल्ली घेणारं कुणी असेल तर अर्थातच ते उत्तम.

आणि पाण्यातलंच काहीतरी हवं, असं मन घट्ट धरून बसलं असेल तर वॉटर लिली घ्या. ती चार-पाच तासांच्या उन्हात निभावून नेते, 15-20 लिटरच्या टबात राहते आणि एका हंगामात कमळापेक्षा बरीच जास्त फुलं देते. काही जाती रात्री उमलतात, घेताना तेवढं विचारून घ्या. गप्पी मासे तिच्या टबातही लागतील.