लेझरने केलेल्या मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंगमध्ये (म्हणजे ऊतीत कोणता रेणू कुठे आहे, याचे चित्र वस्तुमान मोजून काढण्याच्या तंत्रात) लेझरचा ठिपका लहान केला की प्रतिमा आपोआप अधिक स्पष्ट होते का?

आपोआप होत नाही. 'मॅल्डी' पद्धतीत ऊतीच्या पातळ कापावर अतिनील प्रकाश शोषणाऱ्या मॅट्रिक्सचा थर देतात आणि लेझरचा झोत एकेका बिंदूवर पाडून तिथून उडालेल्या आयनांचे वस्तुमान व विद्युतभार यांचे गुणोत्तर मोजतात. ठिपक्याचा व्यास ५० मायक्रोमीटरवरून ५ वर आणला, की त्याचे क्षेत्रफळ शंभरपट घटते; म्हणजे प्रत्येक बिंदूतून मिळणारे रेणू साधारण तेवढ्याच प्रमाणात कमी होतात आणि बिंदूंची संख्या, अर्थात मोजणीचा वेळही, शंभरपट वाढतो.

माझ्या मते खरी अडचण पुष्कळदा लेझरची नसून नमुन्याच्या तयारीची असते. मॅट्रिक्सची फवारणी जास्त ओली झाली तर रेणू मूळ जागेवरून सरकतात, आणि मॅट्रिक्सचे स्फटिकच ठिपक्यापेक्षा मोठे असतील तर भिंग कितीही महागडे असले तरी व्यर्थच. त्यामुळे बारीक प्रतिमांसाठी मॅट्रिक्स अनेकदा निर्वातात, द्रावकाशिवाय, वाफेच्या रूपात बसवतात.

जर्मनीतील गीसेन विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये १.४ मायक्रोमीटर इतक्या बारीक प्रतिमेपर्यंत मजल मारली. लहान ठिपक्यातून कमी रेणू मिळण्याच्या अडचणीवर 'मॅल्डी-२' हा एक उपाय आहे. त्यात दुसरा लेझर उडालेल्या वाफेतील भाररहित रेणूंनाही आयनित करतो आणि अनेक लिपिडांचा (मेदासारख्या रेणूंचा) संकेत बराच वाढतो.