'चौखूर उधळलेले' घोडे आणि 'हाक्याची' शिकार

एका वाचकाचा प्रश्न आहे. फ्रेंच चित्रांवरच्या लेखात चित्रकार जेरिकोच्या 'एप्समची डर्बी' (१८२१) या इंग्लंडमधल्या घोडशर्यतीच्या चित्राखाली 'चौखूर उधळलेले घोडे' आणि चित्रकार ऊद्रीने काढलेल्या, फ्रान्सचा राजा पंधराव्या लुईच्या शिकारीच्या चित्रांखाली 'हाक्याची शिकार' असं लिहायचंय. चालेल का?

पहिल्यातलं 'चौखूर' ठेवा, 'उधळलेले' काढा. घोडा उधळतो म्हणजे बुजून, स्वाराला न जुमानता सुटतो. जेरिकोचे घोडे शर्यतीत पळताहेत, चारही जॉकी मानेवर ओणवे झालेत आणि घोडे त्यांच्या पुरते कह्यात आहेत. 'शेअर बाजाराचा वारू चौखूर उधळला' असले मथळे वाचून आपल्याला या जोडीची इतकी सवय झालीय, की एक शब्द लिहिला की दुसरा आपसूक येतो. 'चौखूर दौडणारे' म्हणा, किंवा नुसतं 'भरधाव'. 'दुडक्या चालीचे' मात्र नको, ती चाल फारच निवांत.

'चौखूर' तर या चित्राला विशेषच शोभतो. पुढचे पाय पुढे ताणलेले, मागचे मागे, एकही खूर जमिनीला नाही! भरधाव घोडा असा काढायची तेव्हा रीतच होती. गंमत अशी, की खरा घोडा असा धावत नाही. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात छायाचित्रकार मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो काढले, तेव्हा दिसलं की चारही खूर एकदम हवेत असतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. पुढे फ्रेंच चित्रकार देगाने मायब्रिजच्या फोटोंवरून घोडे रेखाटले.

'हाका' मात्र साफ चुकीचा. हाक्यात माणसं आरडाओरडा करत, डबे बडवत रान उठवतात आणि जनावर दबा धरून बसलेल्या शिकाऱ्याकडे हाकतात. ऊद्रीने रंगवलेल्या शिकारीत उलट शिकारीच धावतो. कुत्र्यांचा ताफा वासावरून हरणाचा माग काढतो, मागून घोडेस्वार, कर्णे वाजताहेत, आणि हरीण दमून उभं राहीपर्यंत हे तासन्‌तास चालतं. शेवट बंदुकीने नव्हे, बहुधा खंजिराने. याला 'पारध' म्हणावं. 'मृगया'ही चुकीचा नाही, पण तो वाचला की दुष्यंत डोळ्यांसमोर येतो आणि फ्रान्स राहतो बाजूला.

आणखी एक, न विचारलेलं: त्या हरणाला 'काळवीट' लिहू नका. काळविटाची शिंगं सरळ, पीळदार आणि कायमची. या हरणाची फांद्याफांद्यांची आणि दर वर्षी गळणारी. आपल्याकडचं त्याचं जवळचं नातेवाईक म्हणजे काश्मीरचा हंगुल, पण तोही शब्द सगळ्यांना कळेलच असं नाही. 'फांदेरी शिंगांचा नर' लिहिलंत तरी भागेल.